रेडिओ बोलेपर्यंत

१४ जून

प्रिय टिल्लू,

साठी उलटलेल्या माणसाला टिल्लू म्हणू नये, असं तुझी बायको म्हणते. तिला सांग, मी तुला दुपट्यात पाहिलंय, मला चालतं. तुम्ही दोघं मजेत असाल. मीही ठणठणीत. गुडघे कुरकुरतात, पण दात सगळे जागच्या जागी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कवळ्या घडवल्या, स्वतःसाठी साधी एक दाढ करावी लागली नाही, याचा मला कोण गर्व आहे ते तुला माहीतच आहे.

मी फोन उचलत नाही म्हणून तू फुगून बसलायस, असं कळलं. अरे, हा फोन मेला कामातून गेलाय. त्यात बोलणारा माणूस विहिरीत पडल्यासारखा वाटतो. दारावरची बेलही त्यातलीच. दोनदा बदलली, तरी येणारा म्हणतो, बाई, वाजवून वाजवून बोट दुखलं. हल्ली धड वस्तूच मिळत नाहीत. त्यापेक्षा पत्र बरं. निवांत वाचता येतं आणि मध्येच तोडताही येत नाही.

आता खरी बातमी. बाबांच्या गाडीतला रेडिओ आठवतो? गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याला तो जुनाट डबा नको होता, म्हणून मी काढून घेतला. इतकी वर्षं माळ्यावर होता. तो बिघडलेला आहे, असंच मी धरून चालले होते. परवा माळा आवरताना काढला, फडक्याने पुसला आणि काय वाटलं कोण जाणे, उघडला. टिल्लू, मी खाली बसले ती संध्याकाळपर्यंत उठलेच नाही. आत केसाएवढ्या तारेची वेटोळी आहेत, एकावर एक, एकही वळण चुकलेलं नाही. प्रत्येक स्क्रूवर लाल रंगाचा एक ठिपका आहे. म्हणजे कुणीतरी प्रत्येक स्क्रू घट्ट आहे की नाही ते पाहून, ब्रश टेकवून, मगच रेडिओ पुढे सरकवलाय. कोण असेल तो माणूस, किंवा बाई? आपल्या कामाकडे पुन्हा कुणी कधी पाहणार नाही हे माहीत असूनही इतकं नीटस काम केलंय. मला हात जोडावेसे वाटले.

आणि तो बिघडलेला नाहीच मुळी! त्याला फक्त स्वतःचा आवाज नाही. त्या काळी म्हणे रेडिओचा नाजूक भाग पुढे दर्शनी बसवायचे आणि त्याला जोर देणारा भाग, म्हणजे अॅम्प्लिफायर, मागच्या स्पीकरच्या पाठीवर. आपल्या डोक्यामागे जो स्पीकर होता ना, त्याच्या पाठीला डिकीमध्ये एक पात्यापात्यांचा धातूचा ठोकळा होता बघ. आई सहलीला निघताना जेवणाचा डबा फडक्यात गुंडाळून त्याच्यावर टेकवायची, म्हणजे पोहोचेपर्यंत कोमट राहायचा. तोच तो. तो स्पीकर गाडीबरोबर गेला आणि बिचारा रेडिओ तोंडात जीभ नसल्यासारखा माझ्या माळ्यावर पडून राहिला.

तर मी तो ठोकळा नव्याने बनवणार आहे. हसू नकोस. जुन्या रेडिओवेड्यांची एक टोळी मला कॉम्प्युटरवर सापडली आहे. त्यात एक निवृत्त जहाजी इंजिनियर आहे, दूर कुठेतरी राहतो. त्याच्याकडे तसाच एक स्पीकर आहे, मेलेला. त्याने सगळ्या बाजूंनी फोटो काढून मापांसकट पाठवले. बाजारात तयार अॅम्प्लिफायर मिळतात, काडेपेटीएवढे. दुकानात मी एक वाजवूनही पाहिला. बटण दाबलं की लगेच ओरडतो. छे! बाबांचा रेडिओ असा बोलायचा का कधी?

आठव. बाबा बटण फिरवायचे आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचे. आतले व्हॉल्व्ह, म्हणजे त्या काचेच्या नळ्या, तापेपर्यंत आवाज यायचा नाही. तोवर इंजिन सुरू करायचं नाही आणि कुणी तोंड उघडायचं नाही. "रेडिओ बोलेपर्यंत कोणी बोलायचं नाही." बाबांकडे गाडी शिकायला येणाऱ्यांनाही तोच नियम. घाबरलेला माणूस तेवढ्यात शांत होतो, असं बाबा म्हणायचे. मागे आपण दोघं, हाताला हात लावून. ज्याला आधी ऐकू येईल त्याने दुसऱ्याच्या हातावर थाप मारायची. पहिला आवाज गाण्याचा नसायचाच. नुसती घूं. ती मला ऐकू यायची आणि तुला नाही, म्हणून दर वेळी थाप माझी आणि भोकाड तुझं. "हिला भिंतीपलीकडची मुंगी चाललेली ऐकू येते," असं बाबा म्हणायचे. तू मात्र मला चोरटी म्हणायचास.

ती घूं मला परत ऐकायची आहे. एवढंच.

तुझी ताई

ता. क. फोन करू नकोस. लिही.


९ जुलै

प्रिय टिल्लू,

तुझं पत्र मिळालं. "ताई, माझं काही चुकलं का, सरळ सांग," असं लिहिलंयस. काही चुकलेलं नाही, बाबा. तू जन्मापासून चुकतच आला आहेस, त्यात नवं काय? फोनचं मी तुला सांगितलं. यंत्रच वाईट आहे. ते सोड आणि ऐक.

ठोकळा झाला! जहाजीबुवांच्या मापांवरून आधी मेणात केला, अगदी कवळीसारखा. नखाएवढ्या पात्यांची रांग कोरताना सारखं वाटत होतं की कुणाच्या तरी जबड्याचं माप घेतेय. मग आमच्या जुन्या लॅबमध्ये गेले. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आता तिथली मालकीण आहे. दातांच्या भट्टीत अॅल्युमिनियम वितळवायचं म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला. "मॅडम, पेशंटच्या तोंडात गाडीचा वास येईल." पण दिली भट्टी. साच्यातलं मेण जळून गेलं, त्या पोकळीत धातू उतरला आणि साचा फोडल्यावर हातात काय आलं सांगू? डिकीतला तोच ठोकळा. आईने डबा उचलून घेतल्यावर दिसायचा तसा. मालकीणबाई आपली भट्टी विसरून बघत राहिल्या.

मग मी माती खाल्ली. यात एक जुन्या पद्धतीचा ट्रान्झिस्टर असतो, मोठ्या बटणाएवढा. तोच सगळा जोर देतो. हल्ली तो बनत नाही. जहाजीबुवांनी स्वतःच्या डबीतले दोन पाठवले, कापसात गुंडाळून, पक्ष्याची अंडी पाठवावीत तसे. तो ठोकळ्यावर बसवायचा असतो. आता मला सांग, मी आयुष्यभर काय शिकले? दातावर टोपी बसवताना मध्ये केसाएवढीही फट राहता कामा नये. तर मी धातूवर धातू असा घासून, पॉलिश करून, चपखल बसवला. इतका सुंदर बसला की मीच माझी पाठ थोपटली. जोडणी केली आणि बारीकसा करपल्याचा वास आला. संपलं. जहाजीबुवा म्हणतात, मध्ये अभ्रकाची पातळ चकती ठेवावीच लागते, नाहीतर वीज सरळ ठोकळ्यात उतरते. त्यांनी ते सांगितलंच नव्हतं, कारण इतकं फटीशिवाय बसवणारं माणूस त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं! कौतुक करत होते की शिव्या देत होते, कळलं नाही.

आता एकच उरला. अभ्रक घालून, जीव मुठीत धरून, तो बसवला. जुन्या लाकडी फळीवर बाजारातून आणलेला साधा स्पीकर लावला, गाडीत मागे होती तसलीच फळी. दुपारी खुर्ची ओढली. बटण फिरवलं. व्हॉल्व्हमध्ये तांबूस उजेड आला, चिमणीच्या डोळ्याएवढा. मी तोंड मिटून बसले, नियमाप्रमाणे.

रेडिओ बोललाच नाही.

बंद केला, चालू केला. सगळ्या जोडण्या तपासल्या. मीटर लावला, हवे तिथे हवे ते आकडे. ठोकळा कोमट होतोय, म्हणजे वीज पोचतेय. पण आवाज नाही. आवाजाचं बटण फार फिरवायचा धीर होत नाही. हा शेवटचा ट्रान्झिस्टर गेला तर मी कुठे जाऊ? जहाजीबुवा म्हणतात, सगळे आकडे बरोबर असतील तर तो वाजतच असला पाहिजे. मी त्यांना म्हटलं, वाजत असता तर मला कळलं नसतं का?

तुला काही आठवतंय का? दुसरी एखादी तार होती का डिकीत? नीट आठवून लिही. मला हे लवकर व्हायला हवंय. का ते विचारू नकोस.

तुझी ताई


२ ऑगस्ट

प्रिय टिल्लू,

तू खोलीत बसून वाच. बायकोला वाचून दाखवलंस तरी चालेल, पण आधी स्वतः वाच.

परवा समोरच्या मास्तरीणबाई माझं भांडं परत करायला आल्या. बेल मला कळली नाही. दार उघडंच होतं, त्या आत आल्या. मी रेडिओपुढे मीटर घेऊन बसलेली, त्याला मनातल्या मनात शिव्या घालत. मान वर केली तर बाई भांडं पोटाशी धरून उभ्या. मग हळूच खुर्चीवर टेकल्या. मी म्हणणार होते, बसा, चहा टाकते. तेवढ्यात माझी नजर त्यांच्या पायाकडे गेली.

त्यांचा अंगठा हलत होता. तालात.

मी विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या (माझ्याशी सगळे हल्ली जरा मोठ्यानेच बोलतात), "अहो, किती गोड लागलाय हा रेडिओ! बासरी आहे ना? मी रोज दुपारी खिडकीत बसून ऐकते तुमचा."

रोज दुपारी! टिल्लू, तो पहिल्या दिवसापासून बोलत होता. मी त्याला मुका म्हणत होते.

आता लिहूनच टाकते. फोन चांगला आहे. बेलही चांगली आहे, दोन्ही बेला चांगल्या होत्या. माझे कान गेलेत. एकदम नाही, हळूहळू, पाणी आटावं तसे. कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, कानात आत एक हाड असतं, तांदळाच्या दाण्याहून लहान. ते थरथरलं की ऐकू येतं. माझं ते हाड जागीच घट्ट बसलंय, डावीकडचं पार आणि उजवीकडचं त्याच वाटेवर. मी त्यांना म्हटलं, म्हणजे फट न ठेवता बसवलंय कुणीतरी. त्या हसल्या नाहीत. कानाला लावायचं यंत्र लावून पाहिलं. त्यात आवाज येतो, पण त्या आवाजात माणूस येत नाही. ऑपरेशन करता येतं. बहुतेक जणांना चांगलं ऐकू येऊ लागतं, पण कधी कधी तो कान कायमचा जातो, हेही त्यांनी सांगितलं. पुढच्या महिन्यात डाव्या कानाचं ठरलंय.

तुला सांगितलं नाही, कारण मला लाज वाटली. भिंतीपलीकडची मुंगी ऐकणारी मी! आणि भीती वाटली. फोनवर तू बोलायचास आणि मला फक्त घोगरं काहीतरी यायचं. तो तू आहेस हे फक्त नंबरावरून कळायचं. तीन वेळा मी "हो, हो" म्हणून वेळ मारून नेली. चौथ्यांदा फोन वाजला तेव्हा मी त्याच्याकडे बघत बसून राहिले. त्यानंतर उचललाच नाही.

मास्तरीणबाई गेल्या. मग मी उठून फळीवर तळवा ठेवला. थरथरत होती. बाहेर उभं राहून कुणीतरी दार ठोठावत असावं आणि आपण मात्र आत झोपून राहावं, तसं वाटलं मला. फार रडले मी टिल्लू. रागारागाने रडले.

आणि मग आठवलं. डॉक्टरीणबाईंनी तपासताना एक धातूचा चिमटा वाजवून कानापाशी धरला होता, तेव्हा काही आलं नव्हतं. त्याचा दांडा कानामागच्या हाडाला टेकवला तेव्हा स्वच्छ ऐकू आलं. मग त्यांनी तोच दांडा माझ्या पुढच्या दातांना लावला आणि विचारलं होतं, "आणि आता?" मला तेव्हा गंमत वाटली होती. दातांतून ऐकणं म्हणजे काय, आणि तेही मला!

मेण कोरायचं माझं जुनं हत्यार आहे ना, लांब लाकडी मुठीचं? त्याची पात काढून टाकली. मुठीचं एक टोक फळीला टेकवलं, दुसरं दातांत धरलं. घट्ट चावलं.

टिल्लू रे.

ती बाहेरून आलीच नाही. डोक्याच्या आतच उगवली. आधी घूं. तीच, तीच घूं. बाबांचे स्टिअरिंगवर टेकलेले हात, आईची मान, सीटचं गरम रेक्झिन, तुझा घामेजलेला हात. आणि मग त्या घूंमधून बासरी वर आली. इतकी जवळ, इतकी माझी, की मी डोळे मिटायलाही घाबरले. मी हललेच नाही. लाळ गळत होती आणि डोळेही, आणि मला कशाचीच शुद्ध नव्हती. कुठल्या गावात कुणीतरी श्वास फुंकला. तो हवेतून आला, त्या केसाएवढ्या तारांतून गेला, जहाजीबुवांच्या बटणातून, मी ओतलेल्या ठोकळ्यावरून, फळीतून, लाकडातून, माझ्या दातांतून आत. एवढ्या सगळ्या वाटेत कुणी त्याला अडवलं नाही. ज्यांनी स्क्रूवर लाल ठिपके दिले ते कधीच गेले असतील. त्यांना कुठे माहीत होतं की एक म्हातारी बाई काठी चावून त्यांचा रेडिओ ऐकेल? मला जगाची फार मोठी कमाल वाटली. अजून वाटतेय. परवापासून स्वयंपाक सुचत नाहीये.

माझे दात मीच वाचवले होते, म्हणून. नाहीतर कवळीतून काय कप्पाळ ऐकू आलं असतं!

रागावू नकोस. रागावायचंच असेल तर पत्रातून रागव. फोनवर मला कळणार नाही.

तुझी ताई


२३ ऑगस्ट

प्रिय टिल्लू,

तुझं पत्र आलं, त्याच्या आधी तुझ्या बायकोचं आलं. तिने लिहिलंय की माझं पत्र वाचून तू खाली गेलास आणि बंद गाडीत जाऊन बसलास. ती खाली आली तर तिला म्हणालास, "थांब, बोलू नकोस." बिचारी घाबरली होती. तिला नियम समजावून सांग.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. मी बरोबर येतो, ऑपरेशनच्या वेळी बाहेर बसतो, असं लिहिलंयस. ये. पण आदल्या दिवशी सकाळी ये. का ते सांगते.

जहाजीबुवांना सगळं कळवलं. त्यांनी लिहिलं की रेडिओला एक साधा माईक जोडता येईल. आपण बोलू ते त्याच अॅम्प्लिफायरमधून जाईल. त्यांनी दाखवलं तसं जोडलं. परवा मास्तरीणबाईंना समोर बसवलं आणि म्हटलं, काहीतरी बोला. त्यांना दुसरं काही सुचेना, त्यांनी एकोणतीसचा पाढा म्हटला. मी काठी चावून बसले. टिल्लू, अक्षर न् अक्षर ऐकू आलं! "एकोणतीस सक एकशे चौऱ्याऐंशी" म्हणाल्या की काय, असं वाटून मी काठी काढून ओरडले, "चुकलं! एकशे चौऱ्याहत्तर!" तर म्हणतात कशा, "मुद्दाम चुकले, खरंच ऐकू येतंय का ते बघायला." काय हसलो आम्ही दोघी. त्यांचा आवाज जरासा किनरा आहे. इतकी वर्षं समोर राहतात, मी तो पहिल्यांदा नीट ऐकला.

आता ऑपरेशन कसं होईल ते होईल. झालं चांगलं तर तुझी कटकट रोज फोनवर ऐकेन. नाही झालं तर, मला एक गोष्ट आधी घेऊन ठेवायची आहे. तुझा आवाज. घोगरं काहीतरी नको, तू हवास. आजवर कुणाचाही आवाज मी इतक्या आतून मागितलेला नाही.

तर असं करायचं. मी दोन खुर्च्या एकाला एक लावून ठेवते, गाडीच्या मागच्या सीटसारख्या. मी डावीकडे, तू उजवीकडे, नेहमीप्रमाणे. बटण तूच फिरव. मग दोघांनी गप्प बसायचं. मी काठी दातांत धरणार नाही, हातात ठेवीन. तुझा हात माझ्या हाताला लावून ठेव. आणि घूं आली की मार थाप.

इतकी वर्षं तू चिडलास, रडलास, मला चोरटी म्हणालास. या वेळी आधी तुला ऐकू येणार आहे, टिल्लू. अगदी खरं. मी फसवणार नाही.

थाप बसली की मी काठी चावीन. मग तू माईक घे आणि बोल. काहीही बोल. पाढे म्हटलेस तरी चालेल, पण चुकू नकोस.

तुझी थाप बसेपर्यंत गप्प बसलेली,
तुझी ताई